पाचट पेटवण्याआधी: उसाच्या रानातले जीव कसे जगवायचे

उसाची तोड झाली, टोळीनं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधलं, शेवटची ट्रॉली कारखान्याकडं गेली, की रानात उसाच्या वाळलेल्या पानांचं गुडघाभर पाचट उरतं. पलूस तालुक्यात, आमच्या अंकलखोपच्या बाजूला कृष्णाकाठानं त्या दिवसांत संध्याकाळी फिरलात तर कुठं ना कुठं जाळ दिसतोच. एक काडी लावली की तासाभरात रान मोकळं होतं, सऱ्या दिसायला लागतात, पाणी सोडायला सोपं जातं. म्हणून लोक पेटवतात. पण त्या जाळात रानातल्या जिवांचं पुढच्या कित्येक महिन्यांचं खाणं जातं, आणि अगदी वरच्या थरात राहणारे जीवही जातात. मग आपणच दुकानातून जिवाणूंची पाकिटं आणतो आणि त्याच उपाशी रानात सोडतो. माझं सांगणं एवढंच आहे की आधी खाणं, मग हवा-पाणी, आणि पाकीट सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं उसाच्या रानाला धरून सांगते. हळद, सोयाबीन, द्राक्ष यांचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगेन.

आधी कुदळ मारून बघा

कुदळ आणि एक रिकामं पोतं घेऊन रानात जा. श्रावण-भाद्रपदात पाऊस थांबून वापसा आलेला असतो, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असते, त्या दिवसांत सकाळी जा. एप्रिलमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा गांडुळं खाली ओलीत जाऊन वेटोळं करून पडलेली असतात. वर एकही दिसणार नाही आणि तुम्ही उगाच खचाल.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा मातीचा ठोकळा काढा, पोत्यावर ठेवा आणि हातानंच फोडा. जिवंत माती बोटांनी दाबली की ज्वारी-हरभऱ्याएवढ्या कणांत सुटते. मेलेल्या रानातलं ढेकूळ गुळगुळीत कडांच्या चपट्या तुकड्यांत तुटतं, आणि मुळं त्या तुकड्यांना वळसा घालून गेलेली दिसतात, आत शिरलेली नसतात. गांडुळं मोजा, लहान-मोठी सगळी. दहाच्या वर निघाली तर रान चांगलं आहे. दोन-तीनच निघाली तर त्यांना खायला मिळत नाही किंवा रानाची उलथापालथ फार होते आहे. मूठभर माती नाकाशी धरा. पहिल्या पावसाचा जो वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो स्ट्रेप्टोमायसिस वर्गातले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात त्याचा असतो. तो वास आला म्हणजे कुजवणारे जीव कामाला आहेत. आंबूस किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर खाली हवा पोचत नाही.

दुसरी तपासणी घरी करा. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. ते बराच वेळ आकार धरून राहिलं तर चांगलं. बघता बघता विस्कटून तळाला बसलं तर कणाला कण धरून ठेवणारा चिकटा त्यात कमी आहे; हा चिकटा जिवाणू आणि बुरशीचे धागे तयार करतात. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहिलं तर मात्र तो वेगळा आजार आहे. रान चोपण व्हायला लागलंय, त्यात सोडियम वाढलाय. तिथं माती परीक्षण, निचरा आणि गरजेप्रमाणे जिप्सम हेच आधी, बाकी सगळं नंतर. कृष्णा-वारणेच्या काठी असं रान ज्यांचं आहे त्यांनी मिरज तालुक्यात कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारावं. क्षारपड जमिनींवर तिथं बरंच काम झालेलं आहे.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण ती घरातल्या पोरांनाही कळते. जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उसाच्या रानात चार-पाच इंच खोल पुरा, दुसरा बांधावर, जिथं वर्षानुवर्षं नांगर गेलेला नाही अशा झाडाखाली पुरा. जागेवर खुणेची काठी रोवा. दोन महिन्यांनी दोन्ही काढा. आमच्या बांधावरच्या लिंबाखालचा तुकडा उकरला तर हातात काठाच्या शिवणीचा दोरा आणि त्याला लोंबणाऱ्या चार काळपट चिंध्या आल्या, त्यातून केसासारखी बारीक पांढरी मुळं गेलेली. शेजारच्या, दरवर्षी पेटवलेल्या रानातला तुकडा मातीनं माखलेला होता, पण दोन्ही हातांनी ओढला तरी फाटेना. सूत म्हणजे सेल्युलोज, आणि पाचटातही मुख्यतः तेच आहे. जे रान धोतर खाऊ शकत नाही ते पाचटही लवकर खाणार नाही. अशा रानाला पहिल्या वर्षी जास्त मदत लागते, एवढं ओळखून ठेवा.

कोण काय करतं

चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पण संख्येपेक्षा कोण कुणाला खातं हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

पाचट पडलं की त्यावर आधी बुरशी बसते. ओलं पाचट उचलून बघा, पानांच्या मधे पांढरं जाळं दिसेल. पाचटाचा कडक भाग फोडायची ताकद बुरशीत जास्त असते. पैसा, गोगलगायी, बारीक उड्या मारणारे कीटक, गांडुळं हे त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवर जिवाणू वाढतात. हे जिवाणू वाढताना मातीतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, स्वतःच्या अंगात घेतात. पुढं आदिजीव नावाचे एकपेशीय प्राणी आणि जिवाणूंवर जगणारे सूत्रकृमी त्यांना खातात. खाणाऱ्याला एवढं नत्र लागत नाही, म्हणून जास्तीचं नत्र अमोनियाच्या रूपात मातीत पडतं. तिथंच मूळ असलं तर ते उचलतं. उरलेल्या अमोनियाचं नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू नायट्रेट करतात. म्हणजे मातीतले जीव एकमेकांना खाताना जे सांडतं त्यावर आपला ऊस जगतो. नुसते जिवाणू असून भागत नाही, जिवाणू खाणारेही हवेत. सूत्रकृमी म्हटलं की टोमॅटोच्या, द्राक्षाच्या मुळांवर गाठी करणारेच आठवतात. पण मातीतले कितीतरी सूत्रकृमी पिकाला हातही लावत नाहीत.

मायकोरायझा ही बुरशी मुळाच्या आत-बाहेर राहते. तिचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळं जिथं मूळ पोचत नाही तिथला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ती आणून देते आणि बदल्यात पिकाकडून साखर घेते. ऊस, सोयाबीन, हळद, मका, द्राक्ष सगळ्यांशी तिचं जमतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्याशी जमत नाही. स्फुरदाचं खत भरमसाट टाकलं की पीक तिला साखर देणं कमी करतं. आणि ट्रॅक्टरच्या रोटरचं प्रत्येक पातं तिचं जाळं तोडतं.

गांडुळांबद्दल एक गैरसमज काढून टाका. खताच्या बेडमध्ये जी लालसर गांडुळं असतात, आयसेनिया फेटिडा जातीची, ती शेणात आणि कुजक्या पाल्यात राहणारी आहेत. ती आणून उघड्या रानात सोडली तर टिकत नाहीत. रानात बिळं करणारी गांडुळं वेगळी, इथलीच. ती विकत आणावी लागत नाहीत. वर पाचट आणि खाली ओल मिळाली की बांधाकडून आत सरकतात.

पाचट ठेवायचं कसं

एकरी साधारण तीन ते चार टन पाचट पडतं. टनाला चार-पाच किलो नत्र, दीड-दोन किलो स्फुरद आणि नऊ-दहा किलो पालाश, म्हणजे पोटॅश, त्यात असतं. पेटवलं की नत्र आणि कर्ब, म्हणजे कार्बन, धुरात जातात, पालाश राखेत उरतं आणि वाऱ्यानं-पाण्यानं निघून जातं.

ऊस तुटल्यावर पाचट पेटवायचंही नाही आणि बांधावर ओढूनही न्यायचं नाही. बुडख्यांवर पडलेलं पाचट ओढून सरीत घ्या, म्हणजे फुटव्याला ऊन मिळेल. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवा येतो. मग सरीतल्या पाचटावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट फोका. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक चार किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, त्यावर पसरा. संवर्धक युरियात कालवू नका, दोन्ही वेगवेगळं टाका. लगेच पाणी द्या. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर आणि १० किलो संवर्धक ही कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, मी एकराचा हिशेब सांगितला.

युरिया कशाला, असं मला बायका विचारतात, सेंद्रिय म्हणता आणि युरिया टाकता. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, साधारण ऐंशीला एक. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीसला एकच्या आसपास हवं असतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो. मग माणूस म्हणतो, पाचट ठेवलं म्हणून पीक गेलं. तो युरिया उसासाठी नाही, कुजवणाऱ्यांसाठी आहे. शेण-गोमूत्राची स्लरी मुबलक असेल तर युरियाचं काम ती थोडंफार करेल; पण जनावरं दोन आणि रान चार एकर असेल तर स्लरी पुरत नाही.

पुढची खतं पाचटावर फोकायची नाहीत. पहारीनं बुडख्यापासून चार-सहा इंचांवर, सहा-आठ इंच खोल, फूट-फूट अंतरावर भोकं घ्या आणि त्यात खत टाकून मातीनं बुजवा. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. दोघांनी मिळून केलं, एकानं पहार मारायची आणि दुसऱ्यानं खत टाकायचं, तर काम झपाझप उरकतं. आमच्यात मामा, म्हणजे सासरे, पहार धरतात आणि मी मागून वाटी घेऊन चालते. खत मुळाशी जातं आणि वरचा पाचटाचा थर मोडत नाही. खोडव्यात बगला, म्हणजे सरीच्या कडा, फोडायची, नांगर घालायची गरजच राहत नाही, आणि बुरशीचं जाळं शाबूत राहतं.

गल्लीत हे सांगितलं की शंका येतात, आणि त्या खऱ्या आहेत. आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाचटातनं पाणी पुढं सरकत नाही, निम्म्या सरीतच मुरतंय." सुरुवातीला असं होतं. तेव्हा एक सरी पाचटाची आणि एक सरी रिकामी ठेवा, पाणी रिकाम्या सरीतून द्या आणि मधून मधून पाचटाची सरी भिजवा. किंवा ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्रानं पाचटाचे तुकडे करून घ्या. तुकडे लवकर बसतात आणि लवकर कुजतात. ठिबक असेल तर हा प्रश्नच नाही, फक्त नळी पाचटाच्या खाली, बुडख्याजवळ राहील असं बघा. उंदरांचं म्हणाल तर बांधाची बिळं आधीपासून बुजवायला लागतात. आगीची भीती मात्र मोठी आहे. शेजारच्यानं पेटवलं आणि वारा फिरला तर तुमचं वाळकं पाचट आणि फुटलेला खोडवा दोन्ही जळतील. चारी बाजूंनी सहा-सात फुटांचा पट्टा पाचट काढून मोकळा ठेवा, आणि शेजाऱ्याला आधी जाऊन सांगा. पहिलं पाणी मिळेपर्यंतचे दिवस सांभाळले की नंतर धोका कमी होतो.

पावसाळ्यापर्यंत बरंचसं पाचट काळं पडून बसतं. उन्हाळ्यात त्याखाली हात घालून बघा, बाहेर माती तापलेली असताना आत गार ओल असते. त्यामुळं पाण्याची पाळीही लांबते.

द्राक्षवाल्यांनी हेच बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंचवट्यावर, करावं. तासगाव-मिरजेकडं छाटणीच्या काड्या गोळा करून बांधावर जाळतात, त्या बारीक करून बोदावर पसराव्यात. जत-आटपाडीच्या हलक्या माळाला खाण्याइतकीच ओलीची कमतरता आहे, म्हणून तिथं आच्छादन अर्धा फूट जाड असलं तरी जास्त होत नाही.

पाकिटं कधी आणि कशी

खाणं आहे, ओल आहे, मग पाकिटाचा उपयोग. नव्या लागणीत टिपरीवर, म्हणजे लावायच्या उसाच्या कांडीवर, अॅसिटोबॅक्टरची प्रक्रिया करा. हा जिवाणू उसाच्या आत राहून हवेतलं नत्र धरतो. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसातच तो पहिल्यांदा सापडला. १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, टिपऱ्या अर्धा तास बुडवून मग लागण. हे हेक्टराचं प्रमाण. बुरशीनाशकाची प्रक्रिया करायची असेल तर ती आधी करून टिपऱ्या सावलीत सुकवा, मगच जिवाणूंच्या द्रावणात घाला. काळ्या चुनखडीच्या रानात सुपरमधला स्फुरद चुन्याशी जखडतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो थोडा थोडा सोडवतात.

सोयाबीनला रायझोबियम, २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. ते लागलं का हे बघायचं असेल तर फुलोऱ्याच्या सुमाराला एक रोप खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर ती नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पेरताना युरिया जास्त दिला तर पीक गाठी करायचे कष्टच घेत नाही.

हळदीला कंदकूज टाळायला ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून भरणीच्या, म्हणजे माती चढवण्याच्या, वेळी द्या, पण पाणी साचत असेल तर कुठलीही बुरशी तुम्हाला वाचवणार नाही, आधी चर काढा. पाकीट घेताना शेवटची तारीख बघा, आणि घरी आणून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका. आत जिवंत जीव आहेत.

जीवामृताबद्दल विचारतात. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. आम्ही पाण्याबरोबर देतो आणि ते देण्यासारखं आहे. पण ते पाचटाच्या किंवा शेणखताच्या जागी चालत नाही. दोन किलो गुळावर चार टन पाचटाचं काम होणार नाही.

हवा, पाणी आणि पूर

मोटारीला लाइट आली की सोड पाणी, ही सवय मातीतल्या जिवांना सगळ्यात जास्त मारते. मातीची पोकळी पाण्यानं भरून राहिली की हवेवर जगणारे जीव गुदमरतात आणि बिनहवेचे जिवाणू नायट्रेटमधलं नत्र वायू करून हवेत सोडतात. तुम्ही विकत घेतलेला युरिया असाच उडून जातो. वापसा बघून पाणी द्या. मातीचा गोळा वळून कमरेएवढ्या उंचीवरून टाकला आणि तो फुटला तर पाणी द्यायची वेळ जवळ आली, नुसता चपटला तर थांबा.

२००५, २०१९, २०२१, आपल्याकडं महापूर आले तेव्हा कितीतरी रानं दिवसच्या दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर वर गाळाचा थर बसतो आणि लोक घाईनं ट्रॅक्टर घालतात. घालू नका. ओल्या रानात चाक गेलं की जी काही पोकळी उरली आहे ती दाबून जाते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. आधी चर उघडा, वापसा येऊ द्या, मग हलका कुळव घालून गाळाची पापडी फोडा. पीक गेलंच असेल तर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरा, क्षारांची शंका असेल तिथं धैंचाच. सहा ते आठ आठवड्यांत, फुलं यायच्या सुमाराला गाडा; त्यापुढं खोड कडक होतं आणि कुजायला वेळ लागतो. त्याची मुळं दाबलेल्या थरात वाट करतात आणि गांडुळं त्या वाटेनं परत येतात.

हुमणीचं भय

पाचट आणि शेणखत ठेवलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, वाढेल, असं म्हणतात. हुमणी येते ती कच्च्या शेणखतातून आणि वळवाच्या पावसानंतर बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यांमुळं. शेणखत पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत झालेलंच रानात न्या. वळीव पडला की संध्याकाळी बाभळी-लिंबांवर भुंगेरे जमतात, ते फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे सगळ्या गावानं एकदम केलं तरच उपयोग. उकिरड्यात सापडणाऱ्या काही पांढऱ्या अळ्या हातावर घेतल्या की स्वतःच्या पाठीवर सरपटतात. त्या कुजलेलं खाणाऱ्या आहेत, त्यांना मारू नका. रानात एखादी मेलेली हुमणी हिरव्या भुकटीनं माखलेली दिसली तर ती मेटारायझियम बुरशीनं मारलेली आहे. तिलाही उचलून फेकू नका, तिथंच मातीत राहू द्या.

मोजमाप

हे सगळं केल्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा वर्षात उडी मारेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडच्या वर्गवारीत ०.२१ ते ०.४० टक्के कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. ०.३५ वरून ०.४५ वर जायलाही काही वर्षं लागतात. रानातल्या आठ-दहा जागांवरून इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घेऊन माती काढा, एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो ठेवा. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा, नुकतं खत पडलेली सरी सोडा. दर वेळी त्याच महिन्यात नमुना घ्या, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. आणि रिपोर्टच्या कागदावरच मागच्या बाजूला त्या वर्षी पोत्यावर किती गांडुळं निघाली तेही लिहून ठेवा. कर्बाच्या आकड्याच्या आधी तो आकडा बदलतो.